दोन बाकांमधली हवा

हैदराबादला जाऊन आले असं सांगितलं की नांदेडात पहिला प्रश्न येतो, चारमिनार पाहिला का? नाही पाहिला. मोतीही आणले नाहीत. मी पाहिला तो एक दवाखाना, आतेबहिणीचं स्वयंपाकघर, नामपल्लीच्या बागेतले दोन बाक आणि काचीगुडा स्टेशन. एवढ्यावर प्रवासवर्णन होत नाही हे मला कळतं. पण शाळेतल्या मैत्रिणींनी लिहाच म्हणून आग्रह धरला, आणि मलाही वाटलं की लिहिता लिहिता काही उलगडलं तर बरं. तिकडून मी नक्की काय घेऊन आले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. वय अठ्ठेचाळीस. आणि मला खोकला आहे. हे तिसरं वाक्य मी शाळेतून लग्नात आणि लग्नातून नोकरीत बरोबर नेलेलं आहे. लहानपणी त्याला दमा म्हणत. पुढे दोनदा टीबी म्हणाले आणि दोन्ही वेळा मी ती औषधं पूर्ण घेतली. पहिल्या वेळी सासरी माझं ताट वेगळं झालं. ते ताट अजून घरात आहे, आता त्यात मी लसूण सोलते.

यंदा नांदेडात छातीचा एक नवा डॉक्टर आला. पोरसवदा होता. माझा स्कॅन बराच वेळ पाहून त्यानं विचारलं, "बाई, लहानपणी तुमचा घाम फार खारट असायचा का?" मला हसूच आलं. गावी आमची शेळी होती, ती सगळ्या भावंडांना सोडून माझेच हात चाटायची. आई म्हणायची, हिला माणसांपेक्षा जनावरांचाच लळा. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं माझं रक्त कुठेतरी लांब तपासायला पाठवलं आणि सांगितलं की घामाची तपासणी इथं होत नाही, हैदराबादला जा. शंका म्हणून एक नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. मी मोबाइलवर शोधलं तर सगळीकडे लहान लेकरांचे फोटो. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आपल्या फायलीत आला असणार, असं समजून मी निघाले. नवऱ्याला, म्हणजे सुरेशला, रजा मिळत नव्हती. मीच म्हटलं, राहू द्या, नुसती तपासणी तर आहे.

बरकतपुरा

माझी आतेबहीण कुमुदताई लग्न होऊन बरकतपुऱ्यात आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिची मराठी मूळची आमच्याच नांदेडची, पण तिच्यावर आता हैदराबादचे बरेच थर बसलेत. दारावर भाजीवाली आली की ती तेलुगूत भांडते, रिक्षावाल्याशी दखनीत आणि नवऱ्याशी मराठीत. स्टेशनवरून घरी येऊन मी जिना चढायला लागले तर वरून ओरडली, "हळू ये गं, घाई नक्को. जिना कुठं पळून जायलाय!"

जेवायला अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवतात आणि वरून लसणाची सणसणीत फोडणी ओततात. हैदराबादेत तीच अंबाडी गोंगुरा होते, मिरचीबरोबर वाटली जाते आणि गरम भातावर तेल घालून खाल्ली जाते. कुमुदताईनं दोन्ही केलं होतं, भाकरीशी आपली आणि भाताशी त्यांची. दाजी, म्हणजे तिचे यजमान, त्यांना ब्लडप्रेशरमुळे मीठ बंद. ते बिचारे अळणी वरण पुढ्यात घेऊन माझ्या ताटाकडे बघत होते.

"काय होतंय तुला नेमकं?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारायला आले आहे," मी म्हणाले.

दवाखाना

सकाळी रिक्षावाल्यानं मला दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी सोडलं. पुढच्या दारापर्यंतचा चढ चालताना तीनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा एक बाई आपलं छोटं स्टूल पुढे करून म्हणाली, "बैठो अम्मा, दवाखाना किधर नै जाता." अनोळखी माणसाला बसायला सांगण्याची ही त्यांची रीत मला आवडली. आपल्याकडे लोक आधी विचारतात, काय झालं? इथं आधी बसवतात.

घामाची तपासणी करायला घाम गाळावा लागत नाही. हाताच्या आतल्या बाजूला पट्ट्या बांधून बारीकसा करंट देतात, मुंग्या येतात आणि तिथं सुटलेला घाम एका नळीत गोळा करून घेतात. अर्ध्या दिवसानं डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. माझ्याच वयाच्या असाव्यात. आमचं बोलणं हिंदीत झालं, मी ते माझ्या मराठीत सांगते.

"नांदेडच्या डॉक्टरांची शंका बरोबर होती," त्या म्हणाल्या. "रक्तातही तेच आहे, घामातही तेच. हा आजार तुम्हाला जन्मापासून आहे. दमा नव्हता. टीबीही बहुतेक नसावा."

"मग मी ती औषधं घेतली ती कशासाठी?"

"बारीक अंग, जुना खोकला, छातीत डाग, हे पाहून त्या काळी कुणालाही तेच वाटलं असतं." मग त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

"एक मुलगा. तेवीस वर्षांचा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मी म्हणाले, "पण हा लहान मुलांचा आजार आहे ना?"

"बहुतेकांना लहानपणीच त्रास सुरू होतो म्हणून तसं वाटतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन बिघाड तुमच्यात आलेत. त्यातला एक सौम्य आहे. त्यामुळे तुम्हाला अन्न पचतं, आणि फुप्फुसं हळूहळू बिघडत गेली. सगळ्यांचं असं नसतं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. रोज मिठाच्या पाण्याची वाफ यंत्रानं घ्यायची, कफ दाबायचा नाही, काढायचा. मीठ जास्त खायचं, तूप भरपूर. आणि या आजाराच्या दुसऱ्या पेशंटजवळ कधी बसायचं नाही, कारण एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला फार महागात पडतात. मी म्हणाले, "मला दुसरं कोण भेटणार आहे?"

बाहेर येऊन व्हरांड्याच्या टोकाला मी सुरेशला फोन लावला. मला आनंद झाला होता की राग आला होता, काही कळत नव्हतं. रागवायचं तरी कुणावर? ते जुने डॉक्टर वारले, सासूबाई वारल्या. मी एवढंच म्हणाले, "टीबी नव्हता."

तो म्हणाला, "मग आता लोकांना काय सांगायचं?"

"सिस्टिक फायब्रोसिस सांगायचं."

"परत म्हण."

मी परत म्हणाले, मोठ्यानं. फोन ठेवून वळले तर एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. चाळिशीची, खांद्याला ऑफिसची बॅग. "ताई, तुम्ही मराठी?" तिनं विचारलं. "तुम्ही आत्ता फोनवर जे नाव घेतलं, ते कुणाला आहे?"

"मला."

"तुमचं वय काय?"

"अठ्ठेचाळीस."

तिनं माझा हात धरायला हात पुढे केला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. बॅगेतून सॅनिटायझरची बाटली काढून हातांना चोळलं, दोन पावलं मागं सरकली आणि तिथूनच पुन्हा विचारलं, "अठ्ठेचाळीस?" आणि रडायला लागली.

तिचं नाव संगीता. मूळ परभणीकडची, आता कुकटपल्लीत राहते. नवरा तिथल्याच एका कारखान्यात आहे. मुलगी प्रज्ञा एकोणीस वर्षांची, तिला हा आजार तान्ही असतानाच निघालेला. "पोरगी बारावी झाली आणि आता म्हणते कॉलेज नको. वाफ घेत नाही, व्यायाम करत नाही. म्हणते, कशाला? आजवर तिनं तुमच्या वयाचं कुणी बघितलंच नाही, ताई. मी पण नाही. तुम्ही नुसतं तिच्यासमोर उभं राहा. लांबून."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? निघताना ती वळून म्हणाली, "डॉक्टर तुम्हाला हलका प्रकार आहे म्हणाले असतील. ते तेवढं तिला सांगू नका."

पुन्हा बरकतपुरा

संध्याकाळी कुमुदताईनं दोन वरणं केली, दाजींचं अळणी आणि माझं डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे खारट. वाट्यांची अदलाबदल झाली. माझं वरण बेचव लागत होतं, पण माझं लक्षच नव्हतं. दाजी मात्र आज फार मन लावून जेवत होते. कुमुदताईच्या लक्षात आलं तेव्हा वाटी चाटूनपुसून झाली होती. "बोलायचं नाही का तुम्ही?" ती ओरडली. दाजी म्हणाले, "मला वाटलं, तुला दया आली."

हसून झाल्यावर मी त्यांना संगीताची विनंती सांगितली. कुमुदताई लगेच म्हणाली, "नको सांगू. पोरीला उमेद आली तर तुझं काय जायलंय?" दाजी म्हणाले, "उद्या तिला कळलं तर? आईचंही खरं वाटणार नाही तिला मग." दोघांचं त्यावरून वाजलं. मला दोघांचंही पटत होतं. माझं स्वतःचं आयुष्य कुठल्या नावाखाली गेलं ते मला आजच कळलं होतं, आणि उद्या मी कुणाला तरी कसं जगायचं ते सांगायला जाणार होते. मी जगले ती काही केल्यामुळे नव्हे. मी काय केलं? खोकले, आणि फळ्यावर लिहीत राहिले. खडूची धूळ खाऊन जगायचा उपाय तिला सांगणार होते की काय?

नामपल्ली

भेटायचं ठरलं ते नामपल्लीच्या मोठ्या बागेत, सकाळी, उघड्या हवेत. प्रज्ञानं जागा आधीच हेरून ठेवली होती. समोरासमोर दोन बाक, मध्ये शाळेची एक खोली मावेल एवढं अंतर. वारा आडवा वाहत होता, म्हणजे एकीचा श्वास दुसरीकडे जाणार नाही. पिवळा कुर्ता, तोंडाला मास्क, मांडीवर मोबाइल. तिनं हात हलवला आणि माझा फोन वाजला. संगीता लांब फाटकाशी थांबली होती.

"नमस्ते आंटी. तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मम्मी बोलली तुम्ही मराठीच्या टीचर. मला मराठी वाचता नै येत बरोबर. बोलून घेते."

असं बोलत होतो तेवढ्यात वारा फिरला. तिच्या कपाळावरचे केस सरळ माझ्या दिशेनं उडायला लागले. ती झटकन उठली. "आंटी उठो! तुम्ही लेफ्टनं या, मी राइटनं जाते." आणि आम्ही दोघी मधलं अंतर राखत हिरवळीभोवती फिरून पलीकडच्या दुसऱ्या दोन बाकांवर जाऊन बसलो. शेंगदाणेवाला हे सगळं बघत होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "क्या झगड़ा हुआ अम्मा? बच्ची है, माफ कर दो." फोनवर ते तिला ऐकू गेलं. समोर ती पोटाला धरून हसत होती आणि हसता हसता खोकत होती. तो खोकला मी ओळखला. आतून ओलं काहीतरी ओढून आणणारा तो आवाज मी आजवर फक्त माझ्याच छातीतून ऐकला होता. 

हसू थांबल्यावर तिनं सरळ विचारलं, "तुमचं म्यूटेशन कौनसा?" डॉक्टरबाईंच्या बिघाडाला ती म्यूटेशन म्हणत होती.

रात्रभर घोकलेलं सगळं क्षणात गेलं. मी म्हणाले, "दोनातला एक सौम्य आहे."

ती म्हणाली, "माझे दोन्ही भारी वाले. मम्मी बोलली असेल ना, सांगू नका म्हणून?"

माझी नजर फाटकाकडे गेली.

"हौ, बोललीच असेल. मला पहिलेच वाटलं होतं. तुम्ही फोर्टीएट, मला खुशी आहे. पण ते माझ्या कामाचं नै, आंटी. मम्मीला नका सांगू मी असं बोलली. तिला आज बरं वाटायलंय."

तेवढ्यात मला उबळ आली. मी सवयीप्रमाणे तोंड फिरवलं, पदर लावला, आवाज दाबला आणि आलेलं गिळून टाकलं. वर्गात, लग्नात, एसटीत मी हेच करत आले.

"रुको रुको. ते काय केलं तुम्ही? गिळलं?"

"हो."

"छी आंटी! कधीपासून?"

"लहानपणापासून."

"हौले आहात का तुम्ही!" ती बाकावरून उठूनच उभी राहिली. हौला म्हणजे वेडा, हे मला कुमुदताईमुळे माहीत होतं. मला आयुष्यात कुणी या आजारासाठी असं रागावलं नव्हतं. लोक एकतर कीव करायचे, नाहीतर ताट वेगळं करायचे.

मग तिनं मला खोकायला शिकवलं. ताठ बसा. श्वास आत घ्या, पूर्ण नाही, मध्यम. थोडं धरून ठेवा. आता तोंड मोठं उघडा आणि थंडीत हातावर वाफ सोडतो तशी सोडा, हाऽऽ, पोटातून. "घसा नका लावू. घसा लावला की थकता तुम्ही." ती समोर करून दाखवत होती, मी तिच्यामागून करत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी छातीच्या तळातून काहीतरी सुटलं आणि वर आलं. मी ते कागदात धरलं, पिशवीत टाकलं. आजूबाजूचे फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. मला लाज वाटली आणि छाती इतकी हलकी झाली की डोळ्यांत पाणी आलं.

"तुला हे इतकं छान येतं," मी म्हणाले, "मग घरी का करत नाहीस?"

"सकाळी एक घंटा, शाम को एक घंटा. मग कॉलेजात जाऊन खोका, सगळे बघतात. मग डिग्री. मग? मग काय आंटी, सांगा ना."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते. "सगळ्यांना मालूम असतं," ती म्हणाली. "डॉक्टरला, मम्मीला, मामाला. तुम्हालाच नै मालूम."

मी म्हणाले, "मला हे रोज करायचंय, पण एकटीला जमणार नाही. नांदेडात हे शिकवणारं कोणी मला माहीत नाही. सकाळी फोनवर शिकवशील?"

"मग मला पण करावं लागेल साथ में."

"लागेल ना."

"टीचर लोक फार चालू असता तुम्ही," ती म्हणाली आणि फोन कट केला. पण लगेच हात हलवला.

मी ते खरंच शिकायला विचारलं होतं की तिला गुंतवायला, हे मी परतीच्या रिक्षात स्वतःला विचारलं. आजही विचारते.

फाटकाशी संगीता धावत आली आणि आपणहून दोन हात लांब थांबली. "समजावलंत ना तिला? काय म्हणाली?"

दोघींचं एकेक 'सांगू नका' माझ्याकडे होतं. एक मोडलं होतं, दुसरं पाळायचं होतं. मी म्हणाले, "तुमची मुलगी फार छान शिकवते हो." संगीताला काही कळलं नाही. ती आधी हसली, मग पुन्हा डोळे पुसायला लागली.

काचीगुडा

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. कुमुदताईनं गोंगुऱ्याची बरणी बांधून दिली. दाजींनी माझ्या पिशवीत खाऱ्या बिस्किटांचा पुडा सरकवला आणि "मला चालत नाहीत, तू तरी खा" म्हणाले. दोघं फलाटावर खिडकीशी उभे होते. मला एसीचा डबा घ्यायला लावला होता, धूळ नको म्हणून.

गाडी हलली आणि मोबाइल थरथरला. प्रज्ञा. रात्रीच तिनं मेसेज करून माझी गाडी आणि डबा विचारून घेतला होता. "आंटी, उजव्या हाताला पुढे बघा." मी बघितलं. फलाटाच्या पार पुढच्या टोकाला, गर्दी संपते तिथं, पिवळा कुर्ता होता. एकटीच. माझा डबा हळूहळू तिच्या दिशेनं सरकत होता. खिडकीची काच जाड आणि बंद, उघडणारी नव्हेच. ती रुळाच्या कडेपासून जेवढं लांब राहायला हवं तेवढी लांब, पण बागेतल्यापेक्षा कितीतरी जवळ. आणि डबा अगदी समोर आला तेव्हा तिनं मास्क खाली ओढला.

मी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दातांना तारा होत्या. हनुवटीवर एक मुरूम. गालाला खळी पडत होती. इतकी साधी, आमच्या शाळेच्या बसस्टॉपवर रोज दिसावी अशी मुलगी. मी काचेला हात लावला. तिनं काहीतरी म्हटलं, दोन-तीन शब्द, आणि गाडीनं वेग घेतला.

परत येऊन काही महिने झाले. बहुतेक सकाळी तिचा फोन येतो आणि आम्ही दोघी वाफ घेऊन खोकत बसतो. सुरेश चहा आणून ठेवतो आणि "गुरुजींना नमस्कार" म्हणून जातो. काही सकाळी ती फोन उचलत नाही, मग माझा दिवस जात नाही. मध्ये एकदा ती दवाखान्यात भरती होती, तेव्हा तिथूनही तिनं मला दोन मिनिटं रागे भरून घेतलं. कॉलेजचा विषय काढला की विषय बदलते. मुलाला मी सगळं सांगितलं. त्याच्यात माझा एक बिघाड नक्की गेलेला आहे, तेव्हा लग्न ठरवताना मुलीची तपासणी करून घे म्हटलं. तो म्हणाला, आई, आधी मुलगी तर मिळू दे.

त्या दिवशी फलाटावर काय म्हणालीस, हे मी प्रज्ञाला बरेचदा विचारलं. ती सांगत नाही. म्हणते, "सोचो ना आंटी." तिचं अर्धं बोलणं मराठी, अर्धं दखनी, त्यामुळे सोचायलाही सोपं नाही. एकटी असले की मी ओठ हलवून बघते. कधी वाटतं ती "परत या" म्हणाली. कधी वाटतं "मत आना" म्हणाली. दोन्हीला ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात.